यादीत न बसलेली माणसे

(देवळाली कॅम्प येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ही त्या जनगणनेची संदर्भ-तारीख ठरवली. सर्व जातींचे अखिल भारतीय आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१ च्या जनगणनेचे. त्यानंतर मागासवर्गीयांच्या हक्कांविषयीचा प्रत्येक वाद ब्रिटिश अमदानीतील त्या जुन्या आकड्यांच्या आधाराने, किंवा कोणत्याच आधाराशिवाय, लढवला गेला. तेव्हा या निर्णयाचे स्वागत झाले हे स्वाभाविकच होय. परंतु प्रगणकाने दारात उभे राहून जात विचारली आणि घरच्या माणसाने ती सांगितली, एवढ्याने माणूस मोजला गेला असे होत नाही. सांगितलेले नाव आणि छापला जाणारा आकडा यांच्यामध्ये एक रूक्ष, कंटाळवाणे आणि सहसा कोणाच्या नजरेस न पडणारे काम असते. ते काम म्हणजे जुळवणी. या जुळवणीत जे जुळत नाही त्याचे काय करायचे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय कारकुनी वाटेल. पण महाराष्ट्रात या कारकुनी प्रश्नापायी माणसे मेलेली आहेत.

प्रथम जुळवणी म्हणजे काय ते पाहू जावे. घराघरातून आलेले उत्तर हे कच्चे उत्तर असते. कोणी जात सांगतो, कोणी पोटजात, कोणी कूळ, कोणी आडनाव, तर कोणी नुसता धंदा. दुसऱ्या बाजूस एक अधिकृत सूची असते. तीत अमुक नाव, त्याचा अमुक संकेतांक आणि त्याचा अमुक प्रवर्ग असे लिहिलेले असते. कारकून किंवा यंत्र कच्चे उत्तर घेते, सूचीत तेच नाव शोधते, आणि ते सापडले की त्यापुढचा प्रवर्ग त्या माणसाच्या नावापुढे मांडते. सापडले नाही, तर पुढे काय? सारा प्रश्न या ठिकाणी आहे. यंत्राला त्याविषयी स्वतःचे मत नसते. दिलेली आज्ञा ते पाळते. ‘जुळलेल्या नोंदीच तेवढ्या पुढे पाठव’ अशी आज्ञा असेल, तर न जुळलेला माणूस वाटेतच गळतो आणि तो गळाल्याची खूणही मागे राहत नाही. ‘सर्व नोंदी पुढे पाठव, जुळले नाही तेथे जागा रिकामी ठेव’ अशी आज्ञा असेल, तर माणूस कागदावर शिल्लक राहतो आणि त्याच्यापुढची रिकामी जागा पाहणाऱ्याला प्रश्न विचारत राहते. दोन आज्ञांमधले अंतर दोन-चार शब्दांचे. परिणामांतले अंतर मात्र लक्षावधी माणसांचे असू शकते.

बाजारपेठेतला जुना दिवाणजी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून बसला आहे. रोजमेळात रक्कम जमा झाली, पण ती कोणाच्या खाती घालायची ते कळत नसेल, तर तो ती रक्कम खोडून टाकत नाही. स्वतःच्या अंदाजाने एखाद्या गिऱ्हाइकाच्या खातीही लोटत नाही. तो ती उचंत खात्यात धरतो. मालक सापडेपर्यंत ती तेथे राहते, आणि वर्षअखेरीस ताळा करताना उचंत खात्यात काय उरले हे वेगळे दाखवावेच लागते. रुपयाच्या बाबतीत साधा दुकानदार जी दक्षता घेतो, ती माणसाच्या बाबतीत राज्यसंस्थेने घेऊ नये, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

ही दक्षता घेतली गेली नाही म्हणजे काय घडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेचे आहे. तिचे सामाजिक-आर्थिक निष्कर्ष जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जातींचे आकडे मात्र रोखून धरण्यात आले. १९३१ साली मोजलेल्या जातींची संख्या ४,१४७ होती. २०११ मध्ये हाती आलेली नावे ४६ लाखांहून अधिक भरली. याचा अर्थ ऐंशी वर्षांत देशात लाखो नव्या जाती जन्मल्या असा अर्थातच नव्हे. प्रगणकांच्या हाती जातींची प्रमाण सूची नव्हती. त्यांनी जसे ऐकले तसे लिहिले. एकाच जातीची नावे नाना प्रकारे लिहिली गेली, आणि जातींच्या रकान्यात कुळे, गोत्रे व आडनावेही येऊन बसली. या नावांचे वर्गीकरण करण्यासाठी अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. तिचे इतर सदस्य नेमले गेले नाहीत आणि तिची बैठकही झाली नाही. कोट्यवधी लोकांनी दिलेली उत्तरे अशा रीतीने एका न भरलेल्या समितीच्या दारात पडून राहिली.

त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी अनुभवाधिष्ठित माहितीची अट घातली. राज्याने केंद्राकडे २०११ चे आकडे मागितले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की हे आकडे सदोष असून वापरण्याजोगे नाहीत, आणि १५ डिसेंबर २०२१ रोजी राज्याची याचिका फेटाळली गेली. त्या प्रतिज्ञापत्रातील महाराष्ट्राविषयीचे आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावेत असे आहेत. राज्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या सूचींत मिळून ४९४ नावे. गणनेत आलेली नावे मात्र ४,२८,६७७. यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नावांखाली शंभर माणसेही नव्हती. वरवर पाहता हा गोंधळ निस्तरण्यापलीकडचा वाटतो. परंतु त्याच प्रतिज्ञापत्रात असेही आहे की, गणलेल्या १०.३ कोटी लोकांपैकी ८.८२ कोटी लोक सर्वांत मोठ्या २,४४० नावांत सामावले होते, आणि सुमारे १.१७ कोटी लोकांपुढे ‘जात नाही’ अशी नोंद होती.

या तीन आकड्यांची वजाबाकी केली म्हणजे चित्र पालटते. उरलेल्या सव्वाचार लाखांहून अधिक नावांत मिळून माणसे उरतात ती सुमारे ३१ लाख. म्हणजे सरासरीने एका नावामागे सात-आठ माणसे. गोंधळ नावांच्या संख्येत प्रचंड होता, माणसांच्या संख्येत त्या मानाने मर्यादित होता. २,४४० नावांचीही पारख करावी लागली असती हे खरे. तीत चुका निघाल्या असत्या हेही खरे. पण एका जिल्ह्याच्या महसूल कार्यालयात सामान्यतः जेवढ्या फायली असतात तेवढेही हे काम नव्हते. ८.८२ कोटींची तपासणी करून ती मांडता आली असती, १.१७ कोटींची पुन्हा विचारपूस करता आली असती, आणि ३१ लाखांची ‘न जुळलेल्या नोंदी’ अशी वेगळी ओळ प्रामाणिकपणे छापता आली असती. त्याऐवजी जे जुळत नाही त्याचे निमित्त पुढे करून जे जुळत होते तेही गाडून टाकण्यात आले. न जुळलेल्यांना गाळणे हा एक अन्याय. न जुळलेल्यांच्या नावाने सगळ्यांनाच गाळणे हा त्याहून मोठा अन्याय होय.

आता नोंद जुळत का नाही, याची कारणे वेगळी करून पाहिली पाहिजेत. कारण कारणपरत्वे उपाय बदलतो. देवळाली कॅम्पचेच उदाहरण पुरेसे आहे. ही छावणीची वस्ती. तोफखान्याच्या केंद्रामुळे नाना प्रांतांतील जवान व त्यांची कुटुंबे येथे राहतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे आले आणि येथलेच झाले. भोवताली संसरी, नानेगाव, लहवित यांसारखी शेतकऱ्यांची गावे आहेत. येथल्या एखाद्या तमिळ वा बिहारी कुटुंबाने आपली जात अगदी बरोबर सांगितली, प्रगणकाने ती अगदी बरोबर लिहिली, तरी ती महाराष्ट्राच्या सूचीत सापडणार नाही. कारण मागासवर्गांच्या याद्या राज्यवार आहेत. येथे उत्तर चूक नाही, सूचीही चूक नाही. चूक आहे ती एका राज्याच्या सूचीशी दुसऱ्या राज्याच्या माणसाला ताडून पाहण्यात. अशा वेळी नुसत्या नावावरून न जुळवता नाव आणि मूळ राज्य या दोहोंवरून जुळवावे लागते.

याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. जे जुळायला नको ते जुळते. महाराष्ट्रात ‘ठाकूर’ ही अनुसूचित जमात आहे. नाशिक, ठाणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात तिची वस्ती आहे. परंतु उत्तर भारतातून आलेले उच्चवर्णीय कुटुंबही स्वतःस ‘ठाकूर’ म्हणवते. केवळ अक्षरे पाहणारे यंत्र त्या दोघांना एकाच ओळीत बसवील आणि कुठेही लाल खूण उमटणार नाही. कैकाडी समाजाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात. उर्वरित महाराष्ट्रात तेच कैकाडी विमुक्त जातींत गणले जातात. म्हणजे अकोल्याचा भाऊ एका प्रवर्गात, नाशिकचा भाऊ दुसऱ्या. नावाबरोबर जिल्हा पाहिला नाही तर नाशिकच्या कैकाड्याची नोंद बिनबोभाट चुकीच्या रकान्यात जाऊन पडेल. न जुळलेली नोंद निदान आपली अडचण बोलून दाखवते. चुकीची जुळलेली नोंद बोलतच नाही. म्हणून जुळवणीचे प्रमाण किती उच्च आहे यावरून तिची पारख करू नये; ती कशाच्या आधारावर झाली हे विचारावे.

तिसरे कारण लेखनातील भेदाचे. हा भेद किती महाग पडू शकतो हे धनगर समाजाच्या प्रश्नावरून दिसते. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या सूचीत ३६ व्या क्रमांकाची नोंद ‘ओरांव, धनगड’ अशी आहे. ‘धनगड’ म्हणजेच ‘धनगर’, एका अक्षराचा हा फरक लिहिण्यातून आला, असे धनगर समाजाच्या चळवळीचे म्हणणे. ही दोन निरनिराळी नावे आहेत असे आदिवासी संघटनांचे म्हणणे. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. या वादाचा निवाडा करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. परंतु ‘र’ आणि ‘ड’ यांतील अंतरावर एका मोठ्या समाजाची अनेक दशकांची चळवळ उभी राहते, यावरून सूचीतील अक्षराचे वजन काय असते हे ध्यानात यावे.

आणि चौथे कारण असे की, माणूस आहे, समाज आहे, पण सूची करणाऱ्याला तो ठाऊकच नाही. भटक्या-विमुक्तांचा अभ्यास करणाऱ्या भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाला देशात अशा २६९ जमाती आढळल्या, ज्यांचे नाव अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती वा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्याच सूचीत नव्हते. ज्यांच्या पालावर कोणी सूची करणारा गेलाच नाही, त्यांची नोंद सूचीशी जुळणार कशी?

या ठिकाणी गोवारी समाजाची आठवण करणे प्राप्त आहे. सूचीत १८ व्या क्रमांकाच्या गोंड जमातीच्या नोंदीत ‘गोंड गोवारी’ असे शब्द आहेत. विदर्भातील गुराखी गोवारी समाज म्हणत आला की ती नोंद त्याचीच आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, नागपुरात या मागणीसाठी निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मरण पावले. त्यांत बायका होत्या, मुले होती. पुढे १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सूचीतील नोंदीचा अर्थ लावून तिचा विस्तार न्यायालयाने करू नये, हे तत्त्व घटनापीठाने हलबा-कोष्टी प्रकरणात २८ नोव्हेंबर २००० रोजीच घालून दिले होते. राज्यघटनेच्या ३४१ व ३४२ या कलमांन्वये या सूचींत भर घालण्याचा वा वजाबाकी करण्याचा अधिकार संसदेचा आहे.

कायद्याची ही भूमिका समजून घेतली पाहिजे, आणि तिची मर्यादाही. सूचीचा उपयोग दोन कामांसाठी होतो. एक, हक्क देण्यासाठी. दोन, माणसे मोजण्यासाठी. हक्क देताना सूची जशीच्या तशी वाचावी, नाही तर तिला काही अर्थ उरणार नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु मोजताना तोच कठोर नियम लावला तर विपरीत घडते. संसदेला सूची बदलायची तर तिला कळले पाहिजे की सूचीबाहेर कोण आहेत आणि किती आहेत. मोजणीनेच त्यांना गाळले, तर सूची अपुरी आहे हे संसदेला कधीच कळणार नाही. आणि कळले नाही म्हणून सूची कधीच बदलणार नाही. यादीत नाव नाही म्हणून मोजले नाही, आणि मोजले नाही म्हणून यादीत नाव नाही, असे हे रहाटगाडगे आहे. यात दोष त्या माणसाचा नाही. नोंद जुळली नाही या वाक्याचा पहिला अर्थ ‘माणूस खोटा’ असा नसून ‘सूची अपुरी असू शकेल’ असा आहे.

न जुळलेल्या नोंदींची विल्हेवाट लावण्याच्या चार चुकीच्या वाटा आहेत. पहिली, त्यांना गाळण्याची. समजा, एका गावात हजार माणसे आहेत. सहाशेंच्या नोंदी जुळल्या, त्यांत इतर मागासवर्गीय तीनशे निघाले; चारशेंच्या जुळल्या नाहीत. न जुळलेल्यांना गाळले तर प्रमाण ५० टक्के येते. त्यांना मागास नसलेल्यांत धरले तर तेच प्रमाण ३० टक्के होते. खरे उत्तर ३० ते ७० यांमध्ये कुठेही असू शकते, आणि प्रामाणिक माणसाने तेवढेच सांगावे. एकाच कागदावरून एक पक्ष ५० म्हणेल, दुसरा ३० म्हणेल, आणि दोघांचेही गणित बरोबर असेल! ज्याच्या हाती ते चारशे लोक, त्याच्या हाती निष्कर्ष.

दुसरी वाट ‘इतर’ नावाच्या पेटीची. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची कच्ची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि १,४७४ नावे वर्गीकरण न झालेली म्हणून ‘इतर’मध्ये टाकली गेली. शिवाय देशभरात दहा हजारांहून कमी लोक जी भाषा बोलतात तिचे नाव वेगळे छापले जात नाही; तीही ‘इतर’च. छाननी झाली, संख्या जाहीर झाली, ही या पद्धतीची जमेची बाजू; जातींच्या आकड्यांबाबत तेवढेही घडले नाही. परंतु ‘इतर’ ही पेटी एकदा भरली की ती पुन्हा कोणी उघडत नाही. ज्याचे नाव ठाऊक नाही आणि ज्याची संख्या थोडी आहे, या दोघांना एकाच पेटीत कोंडले की दोघांचेही प्रश्न एकदमच अदृश्य होतात.

तिसरी वाट रिकाम्या जागी काहीतरी सोयीचे भरण्याची. ‘जात नाही’ असे अभिमानाने सांगणारा, जात सांगण्यास नकार देणारा, ज्याला विचारलेच गेले नाही असा, आणि ज्याचे उत्तर वाचता आले नाही असा, ही चार वेगळी माणसे आहेत. त्या सर्वांपुढे एकच शून्य किंवा ‘खुला’ असे लिहिणे म्हणजे अज्ञानाला माहितीचा पोशाख चढवणे होय. महाराष्ट्रातील १.१७ कोटी ‘जात नाही’वाल्यांत जातिअंताचे व्रत घेतलेले किती आणि प्रगणकाने रकाना घाईने भरलेले किती, हे आता कोण सांगणार?

चौथी वाट अंदाजाची, आणि ती सर्वांत आकर्षक. मार्च २०२२ मध्ये राज्य शासनाने जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग नेमला. न्यायालयाच्या अटीपुढे वेळ थोडा होता. मतदारयाद्यांतील आडनावांवरून जात ओळखली जात असल्याची तक्रार तेव्हा इतर मागासवर्गीयांच्या संघटनांनी व नेत्यांनी पक्षभेद विसरून केली. आयोगाने राज्यातील इतर मागासवर्गीयांचे प्रमाण ३७ टक्के मांडले, आणि २० जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अहवालानुसार निवडणुका घेण्यास अनुमती दिली. आरक्षण परत मिळाले, ही गोष्ट मोलाची. परंतु आडनाव ही जातीची किल्ली नव्हे. पवार, चव्हाण, शिंदे, भोसले, काळे ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी पारध्यांतही आहेत. गायकवाड, जाधव, मोरे ही नावे राजघराण्यापासून दलित वस्तीपर्यंत पसरली आहेत. आडनावाचे कुलूप कोणत्याही किल्लीने उघडते, म्हणूनच ती किल्ली निरुपयोगी. वर सांगितल्याप्रमाणे, न जुळण्यापेक्षा खोटे जुळणे अधिक घातक.

मग योग्य वाट कोणती? ती अवघड नाही. केवळ चिकाटीची आहे. मूळ उत्तर जसे आले तसे कायम जपून ठेवावे. प्रमाण नाव त्याच्या शेजारी लिहावे, त्याच्यावर नव्हे. जुळवणीपूर्वी जेवढ्या नोंदी, जुळवणीनंतरही तेवढ्याच, हा ताळा प्रत्येक टप्प्यावर जमला पाहिजे. संख्या घटली तर कोणी गळाले. वाढली तर सूचीत एकच नाव दोनदा असून एका माणसाची दोन माणसे झाली. न जुळलेली नावे संख्येच्या उतरत्या क्रमाने लावावीत. महाराष्ट्राच्या अनुभवावरून दिसते की वरची थोडी नावे सोडवली की बहुसंख्य माणसे सुटतात. अमुक लेखन म्हणजे अमुक जात, हे ज्याने ठरवले त्याचे पद, ठरवल्याची तारीख आणि कारण, यांसह पर्यायी नावांची वही प्रसिद्ध करावी. नाव-गाव नव्हे, केवळ शब्द आणि त्यांची संख्या. आणि अखेरीस जे उरेल ते ‘न जुळलेले’ या स्वतंत्र ओळीत, जिल्हावार, कोष्टकातच छापावे. तळटीपेत नव्हे.

पूर्वतयार सूची हाती दिली म्हणजे प्रश्न संपतो, अशा भ्रमातही कोणी राहू नये. बिहारने २०२३ च्या जातगणनेत दोनशेहून अधिक जातींना आधीच संकेतांक दिले. त्यामुळे नावांचा महापूर टळला आणि आकडे २ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्धही झाले. पण त्याच सूचीत तृतीयपंथीयांना एक ‘जात’ म्हणून संकेतांक दिला गेला, त्यावर आक्षेप आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. बंद सूचीत न बसणारा माणूस दिसेनासा होतो, किंवा भलत्याच खणात बसवला जातो. म्हणून सूची हवी, आणि तिच्या शेवटी कोरी ओळही हवी. त्या कोऱ्या ओळीत जे लिहिले जाईल ते वाचणारा माणूसही हवा.

एवढे मनुष्यबळ कोठून आणायचे, असे विचारले जाईल. याचे उत्तर शासनानेच दिले आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दप्तरे बाहेर आली, मोडी वाचणारे शोधून आणले गेले, गावनमुने तपासले गेले. त्या प्रश्नाविषयी मत काहीही असो. एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. शासनाने मनावर घेतले तर शंभर वर्षांपूर्वीच्या मोडी कागदातूनही माणसाची नोंद सापडते. मग पालावरच्या वैदूचे, गोपाळाचे, मसणजोग्याचे कालचे उत्तर वाचायला माणसे नाहीत, ही सबब टिकत नाही. प्रश्न साधनांचा नाही. कोणासाठी शोधायचे याचा आहे. आणि तो संघटित बळाने सुटतो, हेही यातून निघते. ज्यांच्यामागे मोर्चा नाही त्यांच्या वतीने कोणी उभे राहायचे, हा कार्यकर्त्यांपुढचा खरा प्रश्न आहे.

कार्यकर्त्याचे काम तीन प्रकारचे आहे. गणनेपूर्वी वस्तीवस्तीत जाऊन समाजाचे प्रचलित नाव, पोटनाव आणि शासकीय सूचीतील नाव यांतील फरक लोकांना समजावून सांगणे, आणि उत्तर काय द्यायचे हे न शिकवता उत्तर स्पष्ट व पूर्ण द्यायला सांगणे. गणनेच्या वेळी प्रगणकाने सांगितलेलेच लिहिले की नाही, कोरी ओळ सोडून सोयीचा संकेतांक तर टाकला नाही ना, याबद्दल घरच्या माणसांना जागरूक करणे. हे करताना जनगणना अधिनियम, १९४८ अन्वये वैयक्तिक माहिती गोपनीय असते हे विसरू नये. कोणाच्याही घराची जात चव्हाट्यावर आणणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. आणि गणनेनंतर एकच मागणी लावून धरणे: न जुळलेल्या नोंदींची संख्या जिल्हावार जाहीर करा, आणि पर्यायी नावांची वही चावडीवर वाचा. संगणकीकृत सातबाऱ्यातील चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये याच महाराष्ट्रात गावोगाव चावडीवाचन झाले होते. जमिनीच्या नोंदीसाठी जे करता आले ते समाजांच्या नावांसाठीही करता येईल.

नागपुरात मेलेल्या ११४ गोवारींपैकी कित्येकांना वाचता येत नव्हते. सूचीतील दोन शब्दांविषयी बोलायला ते गेले होते. त्यांचा दावा कायद्याने अखेरीस मान्य केला नाही. पण शासनाने त्यांचे म्हणणे ऐकून, त्यांच्या घरांची मोजदाद करून, मग काय तो निर्णय सांगितला असता, तर त्यांना रस्त्यावर चिरडून मरावे लागले नसते. १९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्गात त्यांची सोय झाली. ती त्यांच्या प्रेतांवरून झाली. यादी माणसांसाठी असते. जो माणूस यादीत बसत नाही, त्याच्यापुढची जागा कोरी ठेवावी, पण त्याचे नाव खोडू नये. नव्या जनगणनेचा कागद हाती येईल तेव्हा प्रत्येक कार्यकर्त्याने एकूण बेरजेच्या आधी ती कोरी ओळ शोधावी. ती सापडली नाही, तर बेरीज कितीही सुबक असली तरी ती अपुरी आहे असे समजावे, आणि तसे गावोगाव सांगावे.